तेवीस टाचण्यांचा कोट

"लिही सूनबाई," आरामखुर्चीत ताठ बसत भिंगकाका म्हणाले. "अन्वेषक उंचीने मध्यम, परंतु नजरेने उत्तुंग. कपाळ भव्य. नाक सरळ आणि सदैव सावध. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत एकही गुन्हेगार त्याच्या हातून निसटलेला नाही."

सूनबाईने मुकाट्याने लिहून घेतलं. अठ्ठावीस वर्षांत एकही गुन्हेगार त्यांच्या हाती आलाच नव्हता, तेव्हा निसटण्याचा प्रश्नच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. कपाळाबद्दल तर वादच नको. केस दर वर्षी बोटभर मागे हटत होते आणि कपाळाची हद्द वाढत होती.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या अकराला माझी मुलाखत आहे, कोट हरवलाय, आणि आपण अजून तुमच्या नाकापाशीच आहोत."

"प्रकरणाची सुरुवात अन्वेषकापासून होते," भिंगकाका म्हणाले. "कोटाची पाळी येईल."

भिंगकाका म्हणजे तिचे सासरे. हे नाव गल्लीने ठेवलेलं. बसस्थानकावरच्या हरवले-सापडले कार्यालयातून ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना पेपर वाचायला एक मोठं भिंग भेट दिलं, आणि त्या दिवसापासून पेपर सोडून बाकी सगळं ते त्या भिंगातून वाचू लागले. दुधाची पिशवी, शेजाऱ्यांच्या चपला, सुनेच्या चेहऱ्यावरचा वैताग, काहीही चालायचं. मुलगा फिरतीच्या नोकरीवर असायचा आणि बायको जवळ फिरकू द्यायची नाही, त्यामुळे मदतनिसाची जागा आपोआप सुनेकडे आली होती.

त्या कार्यालयाला दोन खिडक्या होत्या. 'हरवले' या खिडकीवर एक दुसरे कारकून बसायचे, आणि 'सापडले' या खिडकीवर भिंगकाका. दोघांत मिळून भिंतीवर एकच पंखा होता. त्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून पहिल्याच वर्षी त्यांचं जे बिनसलं, ते निवृत्तीपर्यंत बिनसलेलंच राहिलं. साहजिकच दोघांच्या वह्याही एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. एका खिडकीसमोर माणूस आपल्या छत्रीसाठी हळहळत उभा असायचा आणि दुसऱ्या खिडकीमागे तीच छत्री धूळ खात पडलेली असायची. भिंगकाका मात्र अभिमानाने सांगायचे, की आपल्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही.

निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते. रस्त्यात काही बेवारस दिसलं की ते उचलायचं, जवळच्या जबाबदार माणसाकडे जमा करायचं आणि त्याच्याकडून पावती घ्यायची, हा त्यांचा नेम होता. एकदा कुणीतरी बुटाची नाडी बांधण्यापुरती पायरीवर ठेवलेली भाजीची पिशवी त्यांनी औषधाच्या दुकानात जमा केली होती. पावती घरी आणून ते विसरूनही जायचे. चाळीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी या विषयावर बोलणं सोडून दिलं होतं.

आता कोट. सूनबाई रोज पाच ते सहा इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जायची. वर्ग टेलरमामांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर भरायचा. वर्गाचा एक रिवाज होता. ज्याची मुलाखत असेल त्याने सरांचा निळा कोट घालून जायचं. सर उमेदीच्या काळात चांगले अंगापिंडाने भरलेले होते, तेव्हाचा तो कोट. पुढे सर वाळत गेले आणि कोट होता तेवढाच राहिला. आतापर्यंत नऊ जण त्यात शिरून मुलाखतीला गेले होते आणि सात जण नोकरी घेऊन बाहेर आले होते. बसत तो कुणालाच नव्हता. पण त्याची खरी खुबी घातलेल्यालाच कळायची. बाह्या इतक्या लांब होत्या की हात आत गडप व्हायचे, आणि हात गडप झाले की त्यांची थरथर समोरच्याला दिसायची नाही.

सूनबाईला नेमकं तेच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती कोटाशिवाय एका मुलाखतीला गेली होती. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ,' असं समोरच्या बाई म्हणाल्या. तिने नाव सांगितलं. 'येस, अँड?' असं त्यांनी विचारल्यावर तिने पुन्हा नाव सांगितलं. हातातली फाइल एवढी फडफडत होती की त्या बाईंनी उठून पंखा बंद केला. पंखा बंद झाल्यावरही फाइल फडफडत राहिली, तेव्हा मात्र सगळे खाली बघायला लागले. ते आठवलं की अजूनही तिचे कान गरम व्हायचे.

या वेळची जागा कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात होती. कपडे, फॅशन, नीटनेटकं राहणं यावर इंग्रजीत बोलता यायला हवं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून सरांनी मंगळवारचा अख्खा तास तिच्यासाठी राखून ठेवला. तिला कोट घालून स्टुलावर उभं केलं आणि वर्गाला चिठ्ठ्या आणि टाचण्या वाटल्या. जो शब्द येईल तो चिठ्ठीवर लिहायचा आणि कोटावर त्याच्या जागी टोचायचा. कॉलर, लॅपल म्हणजे छातीवरची उलटी पट्टी, हेम म्हणजे खालची दुमड, अशा चिठ्ठ्या लागल्या. तिचे हात दिसेनात म्हणून 'कफ'ची चिठ्ठी बाही दुमडून लावावी लागली. 'लूज फिट' दाखवताना सरांनी कोट घंटेसारखा हलवला, आणि 'टाइट फिट' दाखवताना कंबरेशी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून टाचण्या मारल्या. मग वाक्प्रचारांची पाळी आली. तास संपला तेव्हा तिच्या अंगावर तेवीस चिठ्ठ्या होत्या आणि तिला श्वासही बेताने घ्यावा लागत होता.

चिठ्ठ्या काढू नकोस, कोट असाच घरी ने आणि पाठ कर, असं सर म्हणाले होते. पण तिला परस्पर बाजार करून जायचं होतं, दोन्ही हातांत पिशव्या येणार होत्या. सकाळी नेते, म्हणत तिने तो जिन्याच्या वरच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या नेहमीच्या खुंटीवर अडकवला. बुधवारी सकाळी येऊन बघते तर खुंटी रिकामी. ती तिथेच पायरीवर बसली. चूक आपलीच, हे तिला कळत होतं, आणि कळूनही उपयोग नव्हता.

"कोटाचं वर्णन," भिंगकाकांनी फर्मावलं.

निळा, सहा बटणांचा, फाटक्या अस्तराचा, असं ती म्हणाली. आणि त्याला चिठ्ठ्या, असं म्हणेपर्यंत काकांनी हात वर केला. वर्णन तीन मुद्द्यांत द्यायचं असतं, कार्यालयाच्या नमुन्यात तेवढीच जागा असते, असं त्यांनी समजावलं. चौथा मुद्दा आला की माणूस बनाव करतोय असं समजावं.

मग ते घटनास्थळी गेले. भिंगातून त्यांनी खुंटी पाहिली. ती ढिली होऊन खाली झुकली होती. "प्रतिकाराच्या खुणा," ते पुटपुटले. खुंटी सहा महिन्यांपासून ढिली आहे, असं सूनबाईने सांगितलं. त्यावर, सहा महिन्यांपासून प्रतिकार चालू आहे, अशी दुरुस्ती त्यांनी करायला लावली.

पुरावा म्हणून तिची वही मागवण्यात आली. मंगळवारचे सगळे शब्द तिने अर्थासकट उतरवून घेतले होते. काकांनी भिंग इंग्रजीवर धरलं, अर्थाच्या रकान्यावर धरलंच नाही. अर्थ वाचून तर्क करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"ऑफ द पेग," त्यांनी मोठ्याने वाचलं. "पेग म्हणजे?"

"खुंटी. पण बाबा, त्याचा अर्थ तयार कपडे. दुकानात टांगलेले, माप न घेता—"

"खुंटीवरून," काका म्हणाले, आणि त्यांनी वही हळूच मिटली. "गुन्हा व्हायच्या आधी तो फळ्यावर लिहून दाखवला गेला. भर वर्गात. आणि तुम्ही सगळ्यांनी तो उतरवून घेतलात."

पुढची ओळ होती 'कीप इट अंडर युअर हॅट'. म्हणजे गोष्ट पोटात ठेवा, बोभाटा करू नका. काकांच्या मते तो माल कुठे लपवायचा याचा निरोप होता. वर्गात एकच टोपीवाला होता. रखवालदाराची नोकरी करायचा आणि पावसापाण्यात, उन्हातान्हात टोपी म्हणून काढायचा नाही. बुधवारी संध्याकाळी वर्ग भरायच्या आधी काकांनी त्याला जिन्यात गाठलं आणि टोपी काढायला सांगितली. एवढा मोठा कोट टोपीखाली कसा मावेल, असं सूनबाईने कळवळून विचारलं. सराईत माणूस घडी चांगली घालतो, असं उत्तर मिळालं.

बिचाऱ्याने टोपी काढली. आत चार घड्या केलेला एक कागद होता आणि त्यावर बारीक अक्षरात आठवड्याच्या चाचणीचे सगळे शब्द होते. नेमके त्याच वेळी सर जिना चढून आले. पुढची पाच मिनिटं अवघड गेली. पुढच्या आठवड्यात माझीही मुलाखत आहे हो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तिसरी ओळ 'शी वेअर्स द ट्राउझर्स' अशी होती. घरात जिचा शब्द चालतो तिच्याबद्दल असं म्हणतात. काकांनी ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईंना वर्गाच्या दारातच अडवून विचारलं, तुमच्या घरी पँट कोण घालतं? सगळेच घालतात, असं त्या म्हणाल्या. काकांनी सूनबाईला लिहायला सांगितलं की टोळी मोठी आहे.

आणि मग 'वुल्फ इन शीप्स क्लोदिंग', मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा. काकांनी वर्गावरून नजर फिरवली. सगळ्या खोलीत लोकरीचं एकच वस्त्र होतं, सरांचा बिनबाह्यांचा स्वेटर.

सर वाळलेले असले तरी आवाज दणदणीत होता. मी माझाच कोट कशाला चोरीन, असं त्यांनी विचारलं. "हीच तर यातली हुशारी आहे," काका म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं. सूनबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर तिच्याकडे बघून हळू म्हणाले, की कोट मिळाला नाही तरी जा, कोट इंग्रजी बोलत नाही. ते खरं होतं, पण कोट हात लपवायचा, आणि हे ती सरांना सांगू शकली नाही.

मधल्या वेळात काका एकटेच खाली टेलरमामांची चौकशी करून आले होते. सूनबाईला त्यांनी पावलांचे ठसे मोजायला वर ठेवलं होतं. टेलरमामा निर्दोष, असं त्यांनी लिहून घ्यायला लावलं. इसम मशीनवर मान मोडून काम करत होता. चोर पाहिलात का, या प्रश्नाला नाही म्हणाला. कोट, असं म्हणताक्षणी मात्र मान वर न करता बोलला, 'उद्या सकाळी होईल.'

"काय होईल उद्या सकाळी?" काकांनी डोळे बारीक केले.

टेलर सगळ्यांनाच असं सांगतात बाबा, असं सूनबाई म्हणाली. पत्ता विचारायला आलेल्यालाही टेलर उद्या सकाळी होईल म्हणून सांगतो. पण काकांनी तोवर वहीची शेवटची ओळ गाठली होती. 'ड्रेस्ड टु किल.' लोक बघतच राहतील इतकं झोकात नटणं, असा अर्थ तिने समोर लिहिला होता. काकांना पहिले दोन शब्द नको होते, शेवटचा पुरे होता. उद्या सकाळी. किल. त्यांनी वही छातीशी धरली आणि सुनेला सांगितलं, की प्रकरण आता कोटाच्या पलीकडे गेलंय, उद्या सकाळी घराबाहेर पडू नकोस.

"उद्या सकाळी माझी मुलाखत आहे," सूनबाई म्हणाली. एवढं बोलून तिला रडूच आलं. रडणाऱ्या माणसांची काकांना सवय नव्हती. ती सगळी दुसऱ्या खिडकीवर जायची.

त्या रात्री सासूबाईंनी घरातली कपाटं उपसली. मुलाचं विंडचीटर निघालं, त्याच्या पाठीवर सायकलचं चित्र होतं. सासूबाईंचा जाड स्वेटर निघाला, त्यात सूनबाई उशीसारखी दिसायला लागली. शेवटी साधा पांढरा शर्ट आणि काळी पँट इस्त्री करून ठेवली. जाईन किंवा जाणार नाही, सकाळी बघू, असं म्हणून सूनबाई अंथरुणावर पडली आणि तेवीस शब्द मनात म्हणत राहिली. शब्द सगळे येत होते. हात पांघरुणाखालीही थरथरत होते.

गुरुवारी सकाळी आठला सासूबाईंनी कपडे भिजवायला घेतले. भिजवण्याआधी खिसे तपासायचे हा त्यांचा शिरस्ता. या कामात त्यांनी संसारभर जे काही शोधून काढलं होतं त्याची वही कुणी ठेवली नव्हती. नवऱ्याच्या मंगळवारच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी एक कागद काढला, लांब धरून वाचला आणि न्हाणीघरातूनच विचारलं, "अहो, हा कुणाचा कोट लहान करायला टाकलात?"

कागद म्हणजे टेलरमामांची पावती होती. कोट एक. लहान करणे. गुरुवार सकाळ. मागच्या बाजूला काकांचं वळणदार अक्षर होतं. बेवारस. जिन्याच्या चौथ्या पायरीवर सापडला. मंगळवार, सहा वाजून दहा मिनिटे.

सूनबाई दारात उभी होती. तिने पावती घेतली, दोन्ही बाजूंनी वाचली आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"ते होय," काका सहज म्हणाले. "मंगळवारी तुला घराची किल्ली द्यायला आलो होतो, तू निघून गेली होतीस. जिन्यात पडलं होतं ते. कागद लावलेलं काहीतरी. मी खाली जमा केलं. ठेवून घ्या म्हटलं, मालक येईल."

"बाबा, तोच माझा कोट."

"छे. तुझा कोट हरवलेला आहे. हा सापडलेला आहे." ते जरा थांबले. "दोन्ही वेगळ्या नोंदी आहेत."

न्हाणीघरात पाण्याचा नळ बंद झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं सासूबाई कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या, आणि नळ पुन्हा सुरू झाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांच्या डोक्यात दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या गेल्या असाव्यात. त्यांनी भिंग खिशात घातलं. "चूक माझी झाली सूनबाई," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं नाही.

टेलरमामांचं दुकान उघडलंच होतं. कोट हँगरवर तयार होता. निळाच, सहा बटणांचा, पण ओळखू येईना. मामांनी फाटकं अस्तरही सांधलं होतं. "उद्या सकाळी म्हटलं की उद्या सकाळी," ते काकांना म्हणाले. "काल मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हाच तुम्ही घाई करायला आलात." काकांनी मजुरी दिली आणि छताकडे पाहत राहिले.

एका कागदी पिशवीत चिठ्ठ्या होत्या आणि उशीत टोचलेल्या टाचण्या. तेवीस आहेत, मोजून घ्या, असं मामा म्हणाले. चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाही का, असं सूनबाईने विचारलं.

"गिऱ्हाईक कागदावर काय लिहितं ते मी कधीच वाचत नाही," मामा म्हणाले. "त्याचं त्यालाच माहीत नसतं काय हवंय ते. टाचणी खोटं बोलत नाही. अंगावर घालून टोचलेलं दिसत होतं. जिथे टाचणी, तिथे शिवण. कॉलरवर टाचणी होती, पण घडी नव्हती, तर कॉलर सोडली. कंबर दोन्हीकडून आत होती, घेतली. बाह्या दुमडलेल्या होत्या, दुमडल्या. घाला बघू."

तिने घातला. खांदे खांद्यांवर आले, कंबर कंबरेशी आली. दुकानातल्या उंच आरशात एक नेटकी, सरळ उभी बाई तिच्याकडे बघत होती, आणि क्षणभर तिला त्या बाईचं कौतुक वाटलं. मग नजर खाली गेली. बाह्या मनगटाशी संपत होत्या. त्यापुढे तिचे दोन हात होते, उघडे, आणि ते थरथरत होते.

साडेनऊ वाजले होते. बाह्या उसवायला वेळ नव्हता. नऊ जणांना ज्या कोटाने लपवलं तो दहाव्याला लपवायला तयार नव्हता. घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं. तिने शेवटी काकांकडे बघितलं, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं.

काका तिच्या हातांकडेच बघत होते, भिंगाशिवाय. खिडकीवर पहिल्या दिवशी बसलो तेव्हा माझेही हलत होते, असं ते म्हणाले. मी ते वस्तू नोंदण्यात गुंतवले. हाताला काम दिलं की तो बाकीचं विसरतो. मग ते तिच्यासोबत बसने दुकानाच्या दारापर्यंत आले, फाइल स्वतःच्या हातात धरून. वाटेत त्यांनी एकाही प्रवाशावर संशय घेतला नाही.

आत तिघं बसले होते. मधल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं, आणि कागद बाजूला ठेवून इंग्रजीत विचारलं, की हा इतका छान बसणारा कोट तुम्ही कुठे घेतला?

सूनबाईने सवयीने आधी नाव सांगितलं. मग म्हणाली, 'इट वॉज लॉस्ट. माय फादर-इन-लॉ फाउंड इट. देन ही स्टार्टेड लुकिंग फॉर इट.'

तिघांनीही माना वर केल्या. आता मागे फिरता येत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. स्टूल, चिठ्ठ्या, टोपीखालचा कागद, सरांचा स्वेटर. टाचण्या कुठे कुठे होत्या हे शब्दांत सांगता येईना, तेव्हा तिने हातांनी दाखवायला सुरुवात केली. इथे कफ, इथे हेम, इथे कंबर अशी चिमटीत धरलेली. व्याकरण दोन-तीनदा घसरलं, तरी ती थांबली नाही. 'ऑफ द पेग' आणि खुंटी ऐकून डावीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हात स्थिर आहेत. त्यांना एवढा वेळ कामच होतं.

शेवटचा प्रश्न असा होता, की गिऱ्हाईक चुकत असेल आणि तरीही अडून बसलं असेल तर तुम्ही काय कराल?

'आय विल से, येस बाबा,' सूनबाई म्हणाली. 'देन आय विल चेक द पॉकेट्स.'

तिला पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं. बाहेर फुटपाथवर काका उभे होते. कुणाची तरी एकुलती एक मोजडी त्यांच्या पायाशी पडली होती आणि त्यांनी ती उचलली नव्हती. बातमी ऐकल्यावर त्यांनी तिची फाइल पुन्हा स्वतःच्या हातात घेतली.

संध्याकाळी ती कोट घालूनच वर्गात गेली. काका मागोमाग होते. त्यांनी आधी सरांची माफी मागितली, मग टोपीवाल्याची, मग पार्लरवाल्या बाईंची. सर मात्र ऐकत नव्हते. ते कोटाभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि खुर्चीवर बसले. वीस वर्षं मी 'फिट्स लाइक अ ग्लव्ह' शिकवतोय, असं ते म्हणाले, अगदी अंगासरशी बसणं. एकदाही वर्गाला दाखवता आलं नव्हतं. त्यांचा आवाज जरा ओला झाला, तो त्यांनी खाकरून कोरडा केला.

पण आता माझं काय, असं टोपीवाल्याने विचारलं. त्याची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती आणि तो सूनबाईच्या दुप्पट होता. सगळे जिना उतरून खाली गेले. टेलरमामांनी कोट उलटा केला आणि आतली शिवण बोटाने उघडून दाखवली. कापड कापलं नव्हतं, सगळं आत दुमडून ठेवलं होतं. शहाणा शिंपी कापत नाही, असं मामा म्हणाले, माणूस कधीही जाड होतो.

तेव्हापासून वर्गाचा रिवाज थोडा बदलला. मुलाखतीच्या दोन दिवस आधी ज्याची पाळी असेल त्याला स्टुलावर उभं करतात, कपड्यांचा धडा होतो, चिठ्ठ्या लागतात. मग कोट खाली जातो, उसवून, पुन्हा शिवून वर येतो. खाली नेण्याचं आणि वर आणण्याचं काम भिंगकाकांकडे आहे. पावती मात्र त्यांनी घरात शिरल्या शिरल्या सासूबाईंच्या हातात द्यायची, अशी अट घातलेली आहे.

प्रकरणाची वही त्या रात्री जेवणं झाल्यावर पुरी झाली. काकांनी पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'हरवले: कोट एक', उजवीकडे लिहिलं 'सापडले: कोट एक', आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग भिंग पुसत त्यांनी विचारलं, की सुरुवातीचं वर्णन आता बदलावं लागेल का, गुन्हेगार निसटला नाही ते?

सूनबाईने वही आपल्याकडे ओढून पहिलं पान पुन्हा वाचलं.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "या वेळीही नाही निसटला."